चादरीइतका पिवळा

फ्रेहा अमसलेम नातवाला घेऊन पळाली, ही बातमी इस्रायलमधल्या आमच्या येरुहाममध्ये सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी फुटली आणि साडेनऊला तर फ्रेहा विमानात बसलीसुद्धा होती. अलेग्रियाच्या दुकानात कुणी म्हणालं पॅरिसला गेली, कुणी म्हणालं कासाब्लांकाला. पावणेदहाला तिचं डोकं फिरलं होतं आणि दहा वाजता ते लहानपणापासूनच जरा फिरलेलं होतं, हेही लोकांना आठवायला लागलं.

खरं इतकंच, की फ्रेहा चार गल्ल्या पलीकडे तान्ह्या बाळांच्या दवाखान्यात बाकावर बसली होती. मांडीवर आठ दिवसांचा नातू, शेजारी त्याची आई म्हणजे तिची लेक झोहारा. विमानाचं सोडा, पायात घरातल्या सपाता होत्या, त्याही दोन वेगवेगळ्या.

पण गावाला तरी दोष कसा द्यायचा? सिनेगॉगमध्ये नव्वद माणसं जमलेली. सुंतेला एलियाहू नबीसाठी रिकामी ठेवतात ती खुर्ची मखमल घालून मांडलेली. बाळाला मांडीवर घ्यायचा मान ज्यांना दिला ते फ्रेहाचे थोरले दीर प्रॉस्पर खास फ्रान्समधल्या मार्सेहून आलेले, नवा पांढरा सूट घालून, उशी मांडीवर ठेवून बसलेले. सुंता करणारा मोहेल म्हणजे बाळाचा आजोबा, फ्रेहाचा नवरा मक्लूफ, ज्याला गाव मानाने रिब्बी म्हणतं, हात धुऊन उभा. नव्हतं ते फक्त बाळ. सुंतेला बाकी सगळे हजर आणि बाळच गैरहजर म्हटल्यावर लोक बोलणारच.

आता फ्रेहा ही काय चीज आहे ते सांगायला हवं. ती नऊ वर्षांची असताना आईबापांबरोबर मोरोक्कोतल्या मिदेल्तहून जहाजाने आली आणि मग ट्रकने. ट्रकवाल्याने सगळ्यांना वाळूत उतरवलं आणि सांगितलं, हेच गाव. फ्रेहाच्या बापाने विचारलं, कुठे आहे? ट्रकवाला म्हणाला, तुम्ही आलात ना, आता होईल. झालं तसंच. अठराव्या वर्षी तिचं मक्लूफशी लग्न झालं. तो दिवसा कापडाच्या गिरणीत आणि एरवी मोहेल, हे काम मामाकडून शिकलेला. हात असा हलका, की बाळ रडायचं ते थंड पाण्याने पुसलं म्हणून, असं बायका म्हणत.

लग्नानंतर वर्षभरात एक बाळंतीण मागच्या दाराने आली. डोळे रडून लाल. तिला विचारायचं होतं, तिथलं फडकं बाळाला चिकटलंय, ओढू का नको? रिब्बींना विचारायची लाज वाटत होती. फ्रेहाला तरी काय ठाऊक होतं? पण तिने कोमट पाणी घेतलं, फडकं भिजवत बसली आणि अर्ध्या तासाने ते आपसूक सुटलं. तेव्हापासून गावात ठरूनच गेलं. मक्लूफ कापतो आणि फ्रेहा सांभाळते. सुंतेच्या दिवशी दुपारी, मग दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या, ती पिशवी घेऊन हजर. पिशवीत जाळीदार पट्ट्या, व्हॅसलीनची डबी आणि बाळंतिणीसाठी बडीशेपेची बिस्किटं. पट्टीला व्हॅसलीन इतकं लावायची, की पावावर लोणी मोजून लावणाऱ्या कंजूस सासूचा बघून जीव जावा. लंगोट सैल. आधी स्वतःचे हात धुवायचे, मग बाळ. पहिल्या दिवशी तासातासाला उघडून बघायचं. नाण्याएवढा डाग पडला तर घाबरायचं नाही, त्याहून मोठा झाला तर दाबून धरायचं आणि हाक मारायची. संध्याकाळपर्यंत शू झाली पाहिजे. झाली की फ्रेहा "मुबारक" म्हणायची, जणू पोरगं परीक्षा पास झालं.

गावात तिची चेष्टाही होते. सव्वीस वर्षांचा सार्जंट बसस्टॉपवर रुबाबात उभा असला, की फ्रेहा जाता जाता विचारते, "काय रे, जखम बरी आहे ना?" आणि सार्जंट टोपी सारखी करायला लागतो.

तर झोहारा सातव्या महिन्यात माहेरी आली तेव्हा आईजवळ गाजरं सोलत बसली होती. सोलता सोलता म्हणाली, "आई, मुलगा झाला तर करायलाच हवी का?"

दुसरी कुणी असती तर सुरी टाकून छाती बडवली असती. मोहेलची मुलगी हे विचारते म्हणजे काय. फ्रेहाने पुढचं गाजर घेतलं आणि जावयाचं विचारलं. "गिदी काय म्हणतो?"

"तो म्हणतो, करायची. का, तर त्याची झाली होती म्हणून. हे काय कारण झालं?"

"कारण आहे," फ्रेहा म्हणाली. "पुरेसं नाही."

"मग पुरेसं सांग."

"मला नाही येत. ते बाबांना विचार, ते संध्याकाळपर्यंत सांगतील. मी बायकांच्या बाजूने बघितलंय. पहिल्या दिवशी रडली नाही अशी आई मला भेटली नाही. पंधरा दिवसांनी तेच पोर कडेवर घेऊन अलेग्रियाकडे टोमॅटो दाबून बघत असते. ते पोर आपल्यात आलं, एवढं मला कळतं. पण ते काही आपल्या पायाने आलेलं नसतं, आपण आणलेलं असतं. म्हणून ओझं आपल्यावर. आधी नीट बघायचं आणि नंतर नीट सांभाळायचं. मधलं एक मिनिट तुझ्या बापाचं."

झोहारा सासरी परत गेली, त्याला दोन आठवडे झाले. मग तिने फोन केला. "करू. पण तू बघायचंस. आधी पण आणि नंतर पण. शब्द दे."

फ्रेहाने शब्द दिला. तिला काय माहीत, तो कुणाच्या आड येणार आहे.

इकडे घरात गेले सात-आठ महिने एक वेगळंच भांडण चालू होतं. आमच्या चाळवजा इमारतींच्या भिंती इतक्या पातळ आहेत, की शेजारी शिंकलं तर आपण "शंभर वर्षं जग" म्हणतो, तेव्हा हे सगळ्यांना पाठ होतं. मक्लूफ रोज ओरडायचा, की शर्ट पिवळे पडलेत, शब्बाथचा टेबलक्लॉथ पिवळा पडलाय, तू साबणात चिंगूसपणा करतेस. मग फ्रेहा दुप्पट ब्लीच घालायची. तिच्या दोरीवरचे कपडे उन्हात बघवत नसत, इतके पांढरे. आम्ही म्हणायचो, म्हातारा खोडी काढतो. म्हातारपणी नवरे काहीतरी काढतातच.

रविवारी, म्हणजे सुंतेच्या आदल्या दुपारी, रिवाजाप्रमाणे मक्लूफ नातवाला तपासायला बसला. बाळ पलंगावर उघडं. शेजारी प्रॉस्पर आरामखुर्चीत पुदिन्याचा चहा पीत. मक्लूफने पाय हलवून पाहिले, छातीवर कान ठेवला, बाळाला खिडकीकडे वळवलं. बाळ पिवळं असेल तर सुंता करायची नाही, पिवळेपणा उतरेपर्यंत थांबायचं, हा नियम मक्लूफने स्वतः किती घरांत सांगितलेला. पाहुणे परत पाठवलेत त्याने, केटरिंगवाल्यांच्या शिव्या खाल्ल्यात.

"उत्तम," तो म्हणाला. "ही चादर आहे ना, या चादरीपेक्षा काही पिवळा नाही."

फ्रेहा बाळाखालची चादर बघत राहिली. ती तिने सकाळीच धुतली होती, दुप्पट ब्लीच घालून.

मग तिने बाळाच्या नाकावर अंगठा हलकेच दाबून सोडला. दाबलेल्या जागी लिंबाच्या आतल्या सालीसारखा रंग उमटला. छातीवर दाबला, तिथेही तोच. सात-आठ महिन्यांचं भांडण तिच्या डोक्यात एका क्षणात उलगडलं. साबणाची काही चूक नव्हती.

"रिब्बी, नर्सला एकदा दाखवू या का?" ती म्हणाली. चारचौघांत ती त्याला रिब्बी आणि तुम्ही म्हणते. घरात मक्लूफ.

"नर्स काय सांगणार? मी सहाशे पोरं बघितली."

प्रॉस्पर चहाच्या पेल्याआडून हसला. "वहिनी, मंगळवारी माझं विमान आहे. अकरा वर्षांनी आलोय. माझ्या मांडीवरून पोराला उठवायचा विचार आहे का?"

"तुमच्या मांडीला काय होतंय, भावजी," फ्रेहा म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

संध्याकाळी घर माणसांनी भरलं. सुंतेच्या आदल्या संध्याकाळी जुन्या रीतीने पुरुष येऊन स्तोत्रं म्हणतात, बाळंतिणीच्या खोलीच्या चारी भिंतींवरून लोखंडी तलवार फिरवतात, वाईटसाईट आत येऊ नये म्हणून. तलवार मक्लूफच्या हातात होती. फ्रेहा दारात कुसकुसचं ताट घेऊन उभी. तिला सांगायचं होतं, पण कसं? नुसतं "तुला दिसत नाही" म्हटलं असतं, तर भावासमोर, गावासमोर तो संपला असता. छत्तीस वर्षांचं नाव. आणि उद्या प्रत्येक आई मागे वळून आपल्या पोराकडे बघणार, याने माझ्या पोराला काय केलं असेल म्हणून. नाही सांगितलं, तर ते पोर. तिने झोहाराला शब्द दिलेला. एका बाजूला सहाशे पोरांचा मोहेल, दुसऱ्या बाजूला तीन किलोचा नातू, आणि मधे ही बाई ताट घेऊन उभी.

सकाळी सात वाजता, मक्लूफ आणि प्रॉस्पर सकाळच्या प्रार्थनेला गेल्यावर, तिने झोहाराला बाळाजवळ नेलं. "अंगठा ठेव इथे. सोड. काय दिसलं?"

झोहाराने पाहिलं. "पण बाबांनी बघितलं होतं ना."

"बाबांनी बघितलं. आता तू बघ."

झोहाराने पुन्हा अंगठा दाबला. मग तिने शाल घेतली आणि आईच्या मागून जिना उतरली, एकेक पायरी, आठ दिवसांची बाळंतीण. खाली गिदी पाणी शिंपडून गाडी पुसत होता. फ्रेहा त्याला म्हणाली, "जावईबापू, तुम्ही सिनेगॉगमध्ये जा. कुणी विचारलं तर म्हणा, बाळाचा लंगोट बदलतायत."

बिचारा गिदी. साडेआठला त्याने सांगितलं, लंगोट बदलतायत. पावणेनऊला पण तेच. नऊला मागच्या बाकावरून आवाज आला, "बदलतायत की शिवतायत?" मग प्रॉस्परने उशी बाजूला ठेवली आणि तिथूनच दोघं-तिघं अलेग्रियाच्या दुकानाकडे पळाले. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

दवाखान्यात नर्स लारिसाने बाळाच्या कपाळाला एक छोटं यंत्र टेकवलं, आकडा बघितला आणि चष्मा काढला. "आज सुंता नाही. आत्ताच्या आत्ता बेरशेबाच्या हॉस्पिटलात जा, रक्त तपासा. बहुतेक दोन दिवस दिव्याखाली ठेवतील. वेळेवर आलात." मग तिने फ्रेहाकडे पाहिलं. "पण आजोबांनी काल तपासलं असेल ना?"

फ्रेहा म्हणाली, "त्यांनीच पाठवलंय."

मग तिने गिदीला फोन लावला आणि तेच सांगितलं. गिदी नव्वद माणसांसमोर उभा राहिला, घसा खाकरला. "रिब्बींना काल रंगाचा संशय आला होता. त्यांनीच बाळाला दवाखान्यात पाठवलं. सुंता पुढे ढकलली आहे."

सगळ्यांच्या माना मक्लूफकडे वळल्या. तो पाण्याने ओले हात पुढे धरून उभा होता. त्याने एकदा गिदीकडे पाहिलं. शेवटी म्हणाला, "होय. तसंच." आणि हात पुसायला पांढरा टॉवेल शोधू लागला. टॉवेल त्याच्या समोरच होता.

दुपारी पाहुणे खाऊन गेले. सफेंज, म्हणजे आमचे गोड वडे, तळलेले होते, ते वाया कोण घालवणार? बाळ बेरशेबाला निळ्या दिव्याखाली, झोहारा आणि गिदी त्याच्याजवळ. प्रॉस्पर सूट बॅगेत भरत होता. स्वयंपाकघरात मक्लूफ आला आणि दार लावून घेतलं. दार लावून आमच्या भिंतींना काय फरक पडतो? एरवी हे मी सांगितलं नसतं, पण आता सगळं निस्तरलंय.

"माझ्या तोंडून खोटं वदवलंस," तो म्हणाला. "पवित्र तोरेच्या कपाटासमोर. आणि पोराला चोरून नेलंस. गाव काय म्हणतंय ऐकलंस?"

फ्रेहाने दोन फडकी टेबलावर ठेवली. एक जाळीची कोरी पट्टी, दुसरं फिकट पिवळ्या रंगाचं बाळाचं दुपटं. "यातलं पांढरं कुठलं, मक्लूफ?"

तो खाली वाकला. फडकी उचलून खिडकीपाशी नेली. परत आणली. बोटांनी चाचपली. मग हळू आवाजात म्हणाला, "दोन्ही तू नीट धुतलेली नाहीस."

फ्रेहा खुर्चीत बसली. तोही बसला. 

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"शर्ट पिवळे व्हायला लागले तेव्हापासून."

"तेवढ्या काळात..." त्याने वाक्य सोडलं आणि बोटांवर मोजायला लागला.

"सात पोरं," फ्रेहा म्हणाली. "मोजू नकोस, मी मोजलीत. एकूण एकाचा लंगोट मी स्वतः उघडलाय. सगळी गुबगुबीत आहेत. त्यांतलं धाकटं गेल्या बुधवारी माझ्या अंगावर मुतलं, चांगलं लांबवर."

तो हसला नाही, पण त्याचे खांदे खाली आले. "डॉक्टर म्हणाला होता मागे. मोतीबिंदू. मी सांगितलं नाही. डोळ्यात सुरी घालतात म्हणे."

"सहाशे घरांत तू काय सांगितलंस?"

मक्लूफने दुपट्याची कड चिमटीत धरली.

"एका मिनिटाचं काम आहे, कळतही नाही, असं सांगितलंस. मी दारामागे उभी राहून ऐकलंय. आता सुंतेच्या वेळी बाळांना देतात तसा मी तुझ्या तोंडात वाइनचा बोळा धरीन, मग तर झालं?"

त्यावर मात्र तो हसला. मग बराच वेळ टेबलावरची फडकी घड्या घालत बसला, पांढरं कुठलं ते न बघता.

बाळ बुधवारी घरी आलं. शुक्रवारी लारिसाने यंत्र टेकवून मान डोलावली. शनिवारी, शब्बाथला, कुणी पुढे ढकललेली सुंता करत नाही आणि रविवारपर्यंत तयारी झाली नसती, म्हणून पुढचा सोमवार ठरला. मक्लूफने बेरशेबाच्या तरुण मोहेलला, यामिनला, स्वतः फोन केला. गावाला कारण दिलं, की स्वतःच्या नातवावर हात चालत नाही, आजोबाचं काळीज. गावाला ते पटलं. बायकांना तर डोळे पुसायला निमित्तच झालं.

प्रॉस्पर मार्सेला परत गेला होता, त्यामुळे मांडी रिकामी झाली. त्या मांडीचा मान मक्लूफने घेतला. छत्तीस वर्षं तो समोर उभा राहिला होता, मांडीवर बाळ घेऊन बसला नव्हता कधी. यामिनने काम सुरू केलं तेव्हा मक्लूफने डोळे मिटून घेतले. फ्रेहा बायकांच्या बाजूने जाळीतून बघत होती. तिला वाटलं, प्रार्थना म्हणतोय. नंतर तो तिला म्हणाला, प्रार्थना नाही, त्या पोराची धडधड मोजत होतो. तिथून एवढी ऐकू येते, मला माहीत नव्हतं. नाव ठेवलं नेहोराय, म्हणजे उजेडाचा.

मग फ्रेहाचं काम सुरू झालं. या वेळी पिशवी घेऊन फक्त एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं होतं. दुपारी दर तासाला लंगोट उघडला. डाग नाण्याहून लहान. पाचला शू झाली, आणि "मुबारक" ऐकून गिदीने खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशी टाळी वाजवली. झोहारा पट्टी बदलायला शिकली. पहिल्यांदा चार पट्ट्या वाया गेल्या, दुसऱ्यांदा एकच.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती आतून ओरडली. फ्रेहा पिठाच्या हातांनी धावली.

"आई, पिवळं झालंय. तिथे. परत."

फ्रेहाने हात धुतले, मग वाकून पाहिलं. जखमेवर पिवळसर साय धरली होती. तिने अंगठा उचलला, मग आठवून बाळाच्या कपाळावर दाबला. तिथे गुलाबी.

"ही साय आहे. पू नाही. नवी कातडी धरतेय. पुसायची नाही, खरवडायची नाही, व्हॅसलीन लाव आणि झाक. ताप आला, सुजून लाल झालं, शू थांबली, तर दवाखाना. नाहीतर याला हात लावायचा नाही."

"मला कसं कळणार कुठला पिवळा चांगला?"

"बघून बघून," फ्रेहा म्हणाली. "आणि एकटीने नाही बघायचं. मी पण एकटीने बघितलं नाही, तुला बोलावलं होतं."

दारात मक्लूफ उभा होता. त्याच्या डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख पुढच्या आठवड्याची. फ्रेहाने त्याला बोलावलं नाही, पण जागा करून दिली. तो वाकला, नाक जवळ नेऊन बाळाचा वास घेतला आणि म्हणाला, "वास चांगला आहे. जखम बरी होतेय." तेवढं त्याला अजून कळत होतं.

गिदीने नव्वद माणसांसमोर सांगूनही पळून जायची अफवा मात्र मेली नाही. फ्रेहानेच ती तशी राहू दिली. गाव फ्रेहाच्या डोक्याबद्दल बोलत होतं तोवर रिब्बींच्या डोळ्यांबद्दल बोलत नव्हतं.

गुरुवारी ती मसूर आणायला अलेग्रियाच्या दुकानात गेली. दुकानात चार बायका होत्या, म्हणजे सगळं गाव होतं. अलेग्रियाने वजनकाट्यावर हात ठेवला आणि गोड आवाजात विचारलं, "अगं फ्रेहा, खरं सांग. आठव्या दिवशीची सुंता तू पंधराव्या दिवशी नेलीस. मोहेलची बायको तू. वर गेल्यावर काय सांगशील?"

फ्रेहा म्हणाली, "अब्राहामबापाची झाली तेव्हा तो नव्व्याण्णव वर्षांचा होता, त्याला कुणी विचारलं नाही इतका उशीर का म्हणून. मसूर मोज."